आईला पोस्टाने आलेल्या स्क्रॅच कार्डवर गाडी लागली आहे, आधी टॅक्स भरायला सांगतात. हे खरं असू शकतं का?

नाही. एक रुपयाही भरू नका. खरं तर उत्तर इथंच संपतं. पण प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय, "आई इतकी भोळी कशी, हेच कळत नाही." ते वाचून राहवलं नाही.

मी कोल्हापूरचा. उद्यमनगरात लेथवर काम करतो. सुताचा फरक बोटाला कळतो आणि व्यवहारात मला आजवर कुणी गंडवलं नव्हतं. तरी मी २१,७०० रुपये घालवलेत, ते असे.

२०१९ च्या ऑगस्टात पंचगंगेचं पाणी आमच्या घरात शिरलं. गाद्या, फ्रिज, पोरीची पुस्तकं, सगळं गेलं. पाणी उतरल्यावर भिंतीवर छातीएवढ्या उंचीवर मातकट रेघ राहिली होती. ती पुसायलाही पैसे नव्हते, कारण वर्कशॉपची कामं थांबलेली आणि बँकेचा हप्ता मात्र चालू. अशात दिवाळीच्या तोंडावर पाकीट आलं. नाव बरोबर, पत्ता बरोबर. इतकंच काय, टीव्हीवर बघून मिक्सर मागवताना मी घर नंबरात एक चूक केली होती, तीसुद्धा तश्शीच. मला वाटलं, झालं, ही तीच माणसं. आपला पत्ता कुठून तरी फुटलाय, हे तेव्हा डोक्यातच आलं नाही.

बायकोनं देव्हाऱ्यापुढं बसून रुपयाच्या नाण्यानं ते कार्ड खरवडलं. चंदेरी भुगा हळदीकुंकवाच्या ताटात पडला. पहिलं बक्षीस, गाडी. "पुरानं नेलं ते अंबाबाईनं परत दिलं," ती म्हणाली. आता सांगा, यात हाव कुठाय?

फोनवरचा माणूस गोड हिंदीत बोलायचा. गाडी नको तर रोख १२ लाख ६० हजार घ्या म्हणाला. आधी नोंदणीचे ६,५००, मग 'बँकेच्या एनओसी'चे १५,२००. तिसऱ्यांदा टॅक्सचे ४८,००० मागितले. तेवढे नव्हते म्हणून दाजींकडे गेलो. पैसे त्यांचे, त्यामुळे तेही बँकेत सोबत आले. काउंटरवरच्या पोरीनं स्लिप बघितली, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "काका, बक्षीस कंपनीचं म्हणताय, मग खातं एका माणसाच्या नावावर कसं?"

ते नाव मी स्वतःच्या हातानं दोनदा लिहिलं होतं.

दाजी तिथंच रांगेत मोठ्यानं हसले. त्यांचे ४८,००० वाचले, माझी अब्रू गेली. पोलिसांत तक्रार दिली, पण पैसे परत आले नाहीत. तेव्हा ऑनलाइन फसवणूक कळवायचा १९३० हा सरकारी नंबर नव्हता. आता आहे, आणि पैसे गेलेच तर आधी तिथं फोन लावा, मग रडत बसा. लवकर कळवलं तर समोरच्या खात्यातली रक्कम गोठवता येते. ती पुढं सरकली की अवघड होतं.

तेव्हापासून प्रत्येक लग्नात, बारशात एकच प्रश्न. "काय पाव्हणं, गाडी कुठवर आली?" आणि वर पंगतीत ऐकवतात की माणूस हावेनंच फसतो. हेच दाजी पुढं दोन वर्षांनी एका हॉटेलातल्या मीटिंगला गेले. तिथं कोटवाल्यानं महिन्याला ५ टक्के देतो म्हणून सांगितलं आणि यांनी २ लाख ठेवले. ऑफिसला कुलूप लागलं. त्याला ते गुंतवणूक बुडाली म्हणतात. माझी हाव, त्यांची गुंतवणूक!

माझं मत विचाराल तर अडलेला माणूस फसतो. आणि एकदा फसल्यावर घरात हसतील म्हणून गप्प बसतो, तिथं दुसरा हप्ता जातो. मी पहिले ६,५०० भरल्यावर दाजींना सांगितलं असतं तर १५,२०० वाचले असते, पण त्यांचं तोंड आठवून सांगितलं नाही. म्हणून आईला हसू नका. तिनं आधीच काही भरलंय का, आधार-पॅनच्या झेरॉक्स पाठवल्यात का, हे नीट विचारा. बँकेची माहिती दिली असेल तर शाखेत जाऊन सांगा. आणि तिचं काही अडलंय का, तेही बघा.

व्हॉट्सॅपवर 'कौन बनेगा करोडपती'च्या नावानं २५ लाख लागल्याचे मेसेज येतात तेही यातलंच. नंबर पुष्कळदा +९२ नं सुरू होतो, तो पाकिस्तानचा कोड. आणि पैसे मिळायचे असतील तर यूपीआय पिन टाकावा लागत नाही, हे आईच्या फोनच्या कव्हरवर लिहून चिकटवा.

एक राहिलं, नाहीतर कुणीतरी कमेंटमध्ये शहाणपणा करेल. खऱ्या बक्षिसावरही कर असतो, ३० टक्के आणि वर सेस. रोख बक्षीस १०,००० च्या वर असेल तर कर कापूनच पैसे देतात. गाडीसारखी वस्तू असेल तर आधी कर भरल्याची खात्री करून घेतात, हेही खरं. पण तो तुमच्या पॅनवर सरकारजमा होतो, परमुलखातल्या कुणाच्या बचत खात्यात नाही. आणि मुळात आईनं कुठल्या सोडतीत भाग घेतला होता, तेवढं विचारा त्या गोड आवाजाला.

मे महिन्यात भाच्याचं लग्न आहे. दाजी पंगतीत गाडीचं विचारणारच. यंदा मीही विचारणार आहे, ५ टक्के कुठवर आले.