परतल्यानंतर पासपोर्टची मुदत चारच महिने उरते. दोन आठवड्यांच्या सहलीला चालेल का?

ते देशावर अवलंबून आहे: शेंगेन देशांना (आपसात सीमेवर तपासणी नसलेले युरोपातले देश) चालेल, सिंगापूर किंवा इंडोनेशियाला नाही. शेंगेनचा नियम असा की तिथून निघण्याच्या तारखेनंतर किमान तीन महिने मुदत हवी आणि पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला हवा. सिंगापूर, इंडोनेशियाला पोहोचण्याच्या दिवशीच सहा महिने शिल्लक लागतात. चेक-इन काउंटरवर विमान कंपन्या बहुधा 'आयाटा' या त्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या 'टिमॅटिक' या माहितीसाठ्यात नियम पाहतात. तिथे मुदत अपुरी दिसली तर बोर्डिंग पासच मिळत नाही, मग व्हिसा हातात असला तरी उपयोग नाही.

घरातल्या प्रत्येकाचा पासपोर्ट वेगळा उघडून तारीख बघा, मुलांचा आधी. बऱ्याच देशांत लहान मुलांना पाचच वर्षांचा पासपोर्ट मिळतो आणि तो आई-वडिलांच्या कितीतरी आधी संपतो. नवा काढला की नंबर बदलतो, म्हणून व्हिसाचा अर्ज त्यानंतरच भरा.

फक्त एक लक्षात ठेवा: वाटेत विमान बदलताना इमिग्रेशनमधून बाहेर पडावं लागत असेल, तर त्या मधल्या देशाचा नियमही तुम्हाला लागू होतो.