तिच्या आईला विचारलंस का?

(या सदरात बाई वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देतात. बेळगावातल्या मराठी हायस्कूलमध्ये त्यांनी तीस वर्षांहून अधिक काळ मराठी शिकवलं.)

प्रश्न : आदरणीय बाई, मी नववीत शिकते. आमच्या शाळेत आम्ही सहाजण मिळून भित्तिपत्रक काढतो. मे महिन्यात पाकिस्तानशी लढाई सुरू झाली तेव्हा शाळेला सुट्टी होती, म्हणून मोबाईलवरच विशेष अंक करून गावच्या ग्रुपवर टाकला. त्यात विमान पाडल्याचा एक व्हिडिओ होता, तो गेममधला निघाला. आमच्या गावातले एक दादा सैन्यात आहेत. ते कुठे आहेत तेही आम्ही लिहिलं होतं. त्यावरून त्यांच्या घरचे खूप रागावले, अजून आमच्याशी बोलत नाहीत. सर म्हणतात, इथून पुढे फक्त सुविचार आणि वाढदिवस लिहा. शाळेतल्या मुलांनी युद्धाबद्दल लिहूच नये का?
– एक विद्यार्थिनी, खानापूर तालुका

उत्तर : पोरी, लिही. सुविचार लिहायला भित्तिपत्रक कशाला हवं, त्याला वर्गातला फळा पुरतो.

आता तुझ्या चुकीबद्दल. ७ मे २०२५ च्या पहाटे सुरू झालेली ती लढाई १० मेच्या संध्याकाळी थांबली. त्या चार दिवसांत कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याची बातमी मोठमोठ्या वाहिन्यांनी दिली आणि ती साफ खोटी होती. पगार घेणाऱ्या पत्रकारांनी ती दिली, म्हणून तुमचा व्हिडिओ माफ होत नाही. पण व्हिडिओपेक्षा मला त्या दादाचं ठिकाण लिहिलंत हे जास्त लागलं. सैन्याच्या हालचाली थेट दाखवू नका, असं सरकारनं त्याच दिवसांत वाहिन्यांना बजावलं होतं. ते तुम्हालाही लागू होतं. मला लागलं त्याचं कारण मात्र दुसरं आहे. तुझ्याच वयाची असताना मी हेच केलं होतं.

१९७१ साल. मीही नववीतच. बेळगाव तेव्हा म्हैसूर राज्यात होतं, कर्नाटक हे नाव दोन वर्षांनी आलं. आमच्या शाळेत पिण्याच्या पाण्याच्या टाकीजवळ लाकडी फळा होता, त्याला जाळीचं दार आणि कुलूप. दर शनिवारी सकाळची शाळा सुटली की आम्ही चौघी त्यावर नवा ड्रॉइंग पेपर टाचायचो. अक्षर माझं, चित्रं दुसरीची, बातम्या चौघींच्या. मराठीचे सर तपासायचे आणि किल्ली त्यांच्याकडेच असायची.

३ डिसेंबरला, शुक्रवारी संध्याकाळी, पाकिस्तानी विमानांनी आपल्या विमानतळांवर बॉम्ब टाकले. मध्यरात्रीनंतर इंदिराबाई रेडिओवर बोलल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी वर्गात कुणाचंच लक्ष नव्हतं. गणिताचे गुरुजीसुद्धा मधल्या सुट्टीत हॉटेलातल्या रेडिओपाशी उभे. आम्ही सरांना म्हटलं, आठवड्यातून एकदा पुरणार नाही, रोज काढतो. ते हो म्हणाले, आणि ठळक बातमीसाठी स्वतःच्या टेबलावरची लाल शाईची दौत दिली. त्या दौतीचं आम्हाला केवढं अप्रूप! ४ तारखेच्या रात्री आपल्या नौदलाच्या क्षेपणास्त्र बोटींनी कराचीवर हल्ला केला. ती आमची पहिली लाल बातमी. ती खरी होती.

तुला बेळगावची गोष्ट ठाऊकच आहे. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र इथलं. कॅम्पाच्या रस्त्यानं पहाटे पलटणीचे पोरगे धावताना पाहतच आम्ही मोठ्या झालो. आसपासच्या गावांत घरटी नाही तरी गल्लीटी एक माणूस फौजेत असायचा. त्यामुळे लढाई दूर पूर्व बंगालात, म्हणजे आजच्या बांगलादेशात चाललेली आणि तिची धग इथल्या उंबऱ्यावर. जमालपूर ११ तारखेला पडलं. तिथं पहिली मराठा, म्हणजे जंगी पलटण लढली, हे कळलं तेव्हा शाळेत पेढे वाटले होते.

त्याच आठवड्यात माझ्या बाकावरच्या मैत्रिणीनं दप्तरातून तिच्या भावाचं पत्र काढलं. तो फौजेत होता. निळं पत्र, घडीवर तेलाचा डाग, पत्ता म्हणून नुसता नंबर, नाव आणि शेवटी '९९ ए.पी.ओ.', म्हणजे फौजेच्या टपाल कार्यालयाचा नंबर. गावाचं नाव कुठंच नाही. फौजेच्या पत्रात ते लिहायचं नसतंच. आम्ही चौघींनी त्या ९९ वरून तर्क लावला. कुणाच्या तरी काकांनी सांगितलं होतं की ५६ म्हणजे पश्चिमेकडे आणि ९९ म्हणजे पूर्वेकडे. तेवढं बरोबर होतं. पूर्वेकडे म्हणजे बंगाल, बंगाल म्हणजे ढाका. झालं. लाल शाईत मी लिहिलं : 'आपल्या शाळेचा भाऊ ढाक्याच्या वाटेवर'. खाली अख्खं पत्र उतरवून काढलं. त्या दिवशी सर रजेवर होते. किल्ली शिपाईमामांकडून मागून घेतली.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत टाकीजवळ एक बाई उभ्या दिसल्या. काष्ट्याचं लुगडं, डोक्यावर पदर, पायांना शेतातली माती तशीच. कंग्राळीहून चालत आल्या होत्या. मैत्रिणीची आई. फळ्याकडे बघत होत्या, पण त्यांना वाचता येत नव्हतं. मैत्रीण त्या दिवशी शाळेत आलेली नव्हती. त्यांनी मलाच हाक मारली.

"पोरी, माझ्या ल्योकाचं काय लिवलंय हितं? गल्लीत बायका कायबाय सांगालल्यात. वाचून दाव की."

मी वाचलं. मोठ्यानं वाचायला लागले आणि 'ढाक्याच्या वाटेवर' म्हणताना आवाज बसला.

"हे तेनं लिवलंय?"

"नाही मावशी. हे वरचं आम्ही."

"तुमाला कुणी सांगिटलं?"

मला उत्तर देता आलं नाही. त्या ओरडल्या नाहीत, काही नाही. जाळीच्या दाराला बोटं अडकवून उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, तेनं काय लिवलंय तेवढंच वाच. मी खालचं पत्र वाचलं. त्यात एक ओळ होती, 'इकडं बी भाताची कापणी चालू हाय, वास आपल्या शिवारासारखाच येतो.' ती त्यांनी तीनदा वाचायला लावली. तिसऱ्यांदा त्यांचे ओठ माझ्याबरोबर हलत होते.

सर परत आले तेव्हा त्यांच्या कानावर सगळं गेलेलं होतं. मला छडी बसेल असं वाटलं होतं. त्यांनी तीन प्रश्न विचारले. हे तुला कुणी सांगितलं? त्याला कसं कळलं? आणि तिच्या आईला विचारलंस का? तिन्हींना मी गप्प. मग त्यांनी कुलूप काढलं, कागद माझ्या हातानं उतरवायला लावला आणि म्हणाले, उद्याचा कागद लागला पाहिजे. भित्तिपत्रक त्यांनी बंद केलं नाही, हे मी आजही विसरलेले नाही. तुमच्या सरांनी हे वाचलं तर बरं होईल.

१६ डिसेंबरला, गुरुवारी संध्याकाळी, ढाक्याच्या शरणागतीची बातमी आली. ९३ हजार कैदी. लाल शाई जवळजवळ संपली. मैत्रिणीचा भाऊ उन्हाळ्यात रजेवर आला तेव्हा कळलं, तो ढाक्याच्या जवळपासही नव्हता. सगळी लढाईभर आसामात, तेजपूरला, भांडारात पीठ-डाळीच्या पोत्यांचा हिशेब ठेवत होता. भाताचा वास आसामातला. आमच्या लाल अक्षरांमुळे त्या माउलीनं देवाला नवस बोलून किती दिवस एकवेळ जेवून काढले, ते मैत्रिणीनं मला फार नंतर सांगितलं.

जूनमध्ये शाळा उघडली. पहिल्या अंकात सरांनी माझ्याकडून दुरुस्ती लिहून घेतली. त्याच जागी, त्याच आकारात, त्याच लाल शाईत. सहा महिने झाले होते, कुणाला आठवतही नव्हतं. तरी लिहायला लावली.

तेव्हा तू आता काय करायचंस? आधी त्या दादांच्या घरी जा. सहाहीजण जा, फोन करू नका. चुकलं म्हणा आणि त्यांच्या परवानगीशिवाय पुन्हा त्यांचं नाव येणार नाही हे सांगा. मग ज्या ग्रुपवर व्हिडिओ टाकलात त्याच ग्रुपवर, त्याच सगळ्या लोकांना दिसेल अशी दुरुस्ती टाका. व्हिडिओ नुसता पुसून टाकू नका. ज्यांनी तो पुढे पाठवला त्यांना कळलं पाहिजे की तो खोटा होता. एवढं करून सरांकडे जा आणि फळा परत मागा.

आणि पुढच्या वेळी ढाका-कराची लिहायला जाऊ नका. तिथली बातमी तुम्हाला कुणाच्या तरी मोबाईलवरूनच मिळणार. तुमच्या गावात काय घडलं ते लिहा. त्या चार रात्री तुमच्या गल्लीत कोण जागं होतं, किराणा दुकानात कशाची टंचाई होईल म्हणून लोक काय उचलत होते, फौजीच्या घरी फोन वाजला की कोण उठत होतं. परवानगी असेल तरच. हे दिल्लीच्या पत्रकाराला मिळणार नाही, तुला मिळेल.

प्रश्न : आमच्या हायस्कूलच्या यंदाच्या हस्तलिखिताचा विषय 'युद्धकाळातलं आमचं गाव' असा ठेवला आहे. मुलांनी माजी सैनिकांना प्रश्न कसे विचारावेत?
– एक शिक्षक, निपाणी

उत्तर : सर, 'तुम्ही किती शत्रू मारले?' हा प्रश्न मुलांच्या वहीतून आधीच खोडा. मुलं तो हमखास विचारतात. मी शिकवायला लागल्यावर माझ्या विद्यार्थ्यांनीही विचारला होता. ते आजोबा उठून आत गेले आणि पुन्हा बाहेर आले नाहीत.

बूट कसे होते, जेवायला काय मिळायचं, घरचं पत्र किती दिवसांनी यायचं, भाकरीची आठवण यायची का, हे विचारायला सांगा. अशा प्रश्नांवर माणसं बोलती होतात. पुढचं त्यांना सांगायचं असेल तर ती आपणहून सांगतात.

आणि फक्त सैनिकांकडे जाऊ नका. आज्यांकडे जा. १९६५ च्या लढाईच्या वेळी शास्त्रीजींनी सोमवारी रात्रीचं एक जेवण सोडायला सांगितलं होतं. तुमच्या निपाणीत कुठल्या घरांनी ते पाळलं, हे विचारणारं कुणी राहिलेलं नाही आणि सांगणाऱ्याही आता थोड्याच उरल्यात. घाई करा. जुन्या ट्रंका उघडायला सांगा. १५ नोव्हेंबर १९७१ पासून टपालावर पाच पैशांचं जादा तिकीट लावावं लागे, बंगालातून आलेल्या निर्वासितांच्या मदतीसाठी. सुमारे एक कोटी माणसं आली होती. सुरुवातीला तर कुटुंबनियोजनाच्या तिकिटावरच वेगळा शिक्का छापून ते चालवलं. एखाद्या घरात असं पाकीट सापडलं तर ते फाडून हस्तलिखितात चिकटवू नका. फोटो काढा आणि पाकीट त्या घरी परत द्या. मुलांना उत्साहात हे लक्षात राहत नाही.

ज्यांची मुलाखत घेतली त्यांना छापण्याआधी मजकूर वाचून दाखवा. मोठ्यानं, त्यांच्यासमोर बसून. लिहिणाऱ्या मुलानंच वाचायचं.

प्रश्न : आमच्या मराठी शाळेत आता काही कन्नड घरांतली मुलंही येतात. भित्तिपत्रकात कन्नड मजकूर घ्यावा का? काही पालक नाराज होतील.
– मुख्याध्यापिका, बेळगाव तालुका

उत्तर : घ्या. मी सीमालढ्यातल्या घरातली आहे. १९५६ साली १ नोव्हेंबरला बेळगाव म्हैसूर राज्यात घातलं, त्याच्या निषेधाचा काळा दिवस आमच्या घरी पाळतात, तो मी अजून पाळते. मराठीचा हक्क मागताना मी कधी मागे सरले नाही आणि सरणार नाही. पण शेजारच्या पोराची भाषा फळ्यावर आली म्हणून माझी पुसली जात नाही.

शिवाय यात मुलांचा फायदाच आहे. डिसेंबर १९७१ मध्ये आमचे सर रोज वाचनालयात 'तरुण भारत' आणि 'संयुक्त कर्नाटक' दोन्ही शेजारी ठेवून आम्हाला बसवायचे. कन्नड वाचायला वर्गातली एक मुलगी घ्यायचो. दोन्हींत जी बातमी सारखी, ती फळ्यावर. एकातच असेल तर पेन्सिलीनं वहीत, दुसऱ्या दिवसापर्यंत थांबायचं. ढाक्याची ती चूक झाली त्या दिवशी आम्ही वाचनालयात गेलोच नव्हतो.

पालक आले तर त्यांना फळ्यापाशी घेऊन जा आणि कन्नड मजकूर लिहिलेल्या मुलालाच तो मराठीत सांगायला लावा.