पेल एल बिअरच्या रेसिपीत ३० ग्रॅम कॅस्केड हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं) आहेत, पण ते मिळत नाहीत. त्याऐवजी काय वापरू?

सेंटेनियल घ्या, बिनधास्त. ग्रेपफ्रूट आणि फुलांचा तो वास कॅस्केडच्या सगळ्यात जवळ जातो. फक्त वजन तेवढंच ठेवू नका. कॅस्केडमध्ये अल्फा आम्ल, म्हणजे कडवटपणा देणारा घटक, साधारण ५.५ टक्के, सेंटेनियलमध्ये १० च्या आसपास. म्हणून तासभर उकळायच्या हॉप्सचं गणित: ३० गुणिले ५.५ भागिले १०, म्हणजे १६.५ ग्रॅम. आकडा तुमच्या पाकिटावरचाच धरा, दर हंगामात तो बदलतो. अगदी शेवटी किंवा ड्राय हॉपिंगला (बिअर आंबताना किंवा आंबल्यावर, न उकळता) टाकता तेव्हा कडवटपणा फारसा उतरत नाही, तिथे नाकावर विसंबा. सेंटेनियल थोडं कमीच पुरतं. अमारिलोही चालेल, चव संत्र्याकडे झुकेल. साझ हॉप्स मात्र नको, त्यांचा सौम्य मसालेदारपणा पिल्सनर बिअरलाच शोभतो.