परवानापत्र हातात आहे, पण देणारा मालक होता का?

प्रश्न : युनिक्स या जुन्या संगणक-प्रणालीच्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या) सातव्या आवृत्तीचा सोर्स कोड एका छोट्या बोर्डावर चालेल असा मी बदलून घेतला. सोबत कॅल्डेरा कंपनीचं २००२ सालचं परवानापत्र ठेवलं आहे. काही फाइली सिस्टिम थ्री या युनिक्सच्या नंतरच्या आवृत्तीमधून घेतल्या. आता बोर्ड विकायचे आहेत. मित्र म्हणतो, कॅल्डेरा कोडची मालकच नव्हती, म्हणून ते पत्रच पोकळ आहे.

उत्तर : मित्राची शंका रास्त आहे, निष्कर्ष मात्र घाईचा.

२३ जानेवारी २००२ च्या त्या पत्राने पहिल्या सात आवृत्त्या आणि ३२व्ही (युनिक्सचीच आणखी एक आवृत्ती) बीएसडी पद्धतीच्या, म्हणजे काही अटी पाळून कोड वापरू, बदलू आणि वाटू देणाऱ्या, परवान्यावर खुल्या केल्या. पुढे हीच कंपनी एससीओ ग्रुप झाली आणि युनिक्सच्या कॉपीराइटवरून नोव्हेल या सॉफ्टवेअर कंपनीशी भांडली. २०१० मध्ये ज्यूरीने कौल दिला की नोव्हेलने १९९५ मध्ये युनिक्सचा व्यवसाय विकला (तो पुढे कॅल्डेराकडे आला), तेव्हा कॉपीराइट नोव्हेलकडेच राहिले. २०११ मध्ये अपील कोर्टानेही तो कायम ठेवला. घर ज्याच्या नावावर नाही, त्याने केलेला भाडेकरार टिकेल का, हा तुमचा प्रश्न. त्या खटल्यात निकाल मालकीचा लागला, तुमच्या पत्राचा नाही. त्यामुळे पत्र रद्द झालं असं कुणी म्हणू नये, आणि ते भक्कम आहे असंही.

तुमच्या बाजूची गोष्ट जुनी आहे. १९९३ मध्ये, बर्कले विद्यापीठाने युनिक्सवर बेतलेल्या कोडवरून चाललेल्या दाव्यात, अमेरिकी न्यायाधीशांनी मनाई हुकूम नाकारला. कारण ३२व्ही कॉपीराइटची सूचना न छापताच वाटली गेली होती, आणि १९८९ पूर्वी अमेरिकेत ती सूचना नसणं महागात पडायचं, कॉपीराइटच हातचा जाऊ शकायचा. ३२व्ही सातव्या आवृत्तीतूनच निघाली, म्हणून तुमच्या फाइलींच्या डोक्यावर काय छापलंय ते एकेक उघडून पाहा. अर्थात तो अंतरिम आदेश होता. दावा १९९४ मध्ये तडजोडीने मिटला.

सिस्टिम थ्रीच्या फाइली मात्र आजच काढा. पत्रात त्या आवृत्तीला स्पष्ट नकार आहे, तिथे वादाला जागाच नाही. त्या स्वतः नव्याने लिहा, मूळ समोर उघडं ठेवून नव्हे.

छंद म्हणून फुकट वाटण्यात मला फारशी धास्ती वाटत नाही. विक्रीत मात्र धोका तुमचा. सद्भावनेने केलं म्हणून उल्लंघन पुसलं जात नाही, फार तर भरपाई कमी होते. नोव्हेल २०११ पासून हात बदलत २०२३ मध्ये ओपनटेक्स्ट या कंपनीकडे गेली आहे. त्यांना लेखी विचारायचं असेल तर आधी मसुदा मला दाखवा. विचारणं म्हणजे स्वतःहून शंका कबूल करणंही असतं. आणि पत्रातली जाहिरातीची अट विसरू नका: बोर्डाच्या जाहिरातीत या सॉफ्टवेअरचा उल्लेख आला, तर कॅल्डेराचं नाव छापावंच लागेल.