वाचकांचे प्रश्न : नवख्याच्या हाती फासे केव्हा द्यावेत?

प्रश्न : आमचा गट गेली अनेक वर्षे 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या खेळाची १९८९ सालची दुसरी आवृत्ती खेळत आहे. अधूनमधून कोणी नवा खेळाडू येतो. त्याची पहिली बैठक पात्र तयार करण्यातच सरते आणि दुसऱ्या बैठकीला तो फिरकत नाही. नव्या आवृत्त्या सोप्या आहेत असे ऐकतो, पण गर्दी जमवण्यासाठी खेळ पातळ केला गेला, असे आमच्यापैकी काहींचे ठाम मत आहे. त्यात कितपत तथ्य आहे?

उत्तर : थोडे आहे, आपल्या मित्रांना वाटते तेवढे नाही. टेबलाभोवती बसून एकाने, म्हणजे गेम मास्टरने, प्रसंग उभा करायचा, इतरांनी आपापल्या पात्रांच्या वतीने निर्णय घ्यायचे आणि अनिश्चित गोष्टींचा निकाल फाशांवर सोपवायचा, हा या खेळाचा गाभा १९७४ सालच्या पहिल्या आवृत्तीपासून आजपर्यंत बदललेला नाही. बदलली आहे ती नियमांची मांडणी.

आपल्या आवृत्तीतला 'थॅको'च पाहा, म्हणजे चिलखताचा आकडा शून्य असलेल्या शत्रूवर वार लागण्यासाठी फाशावर पडावा लागणारा आकडा. चिलखताचा आकडा जितका कमी तितके संरक्षण जास्त, असा तेथे उलटा हिशेब आहे. आपल्या योद्ध्याचा थॅको १७ आणि शत्रूच्या चिलखताचा आकडा ४ असेल, तर १७ मधून ४ वजा करून २० बाजूंच्या फाशावर १३ किंवा अधिक पडावे लागतात. चिलखताचा आकडा उणे २ असेल, तर वजाबाकीची बेरीज होऊन १९ लागतात. नवखा नेमका येथेच गांगरतो. २००० साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत हीच रचना सुलट केली गेली : फाशावर पडलेल्या आकड्यात आपल्या योद्ध्याच्या कौशल्याचे ३ मिळवायचे आणि बेरीज शत्रूच्या चिलखताच्या १६ या आकड्याइतकी किंवा त्याहून जास्त झाली की वार लागला. म्हणजे पुन्हा १३ च हवेत आणि वार लागण्याची शक्यता दोन्हीकडे ४० टक्केच राहते. याला खेळ पातळ करणे म्हणता येणार नाही. खेळाडूच्या डोक्यावरचा निष्कारण भार तेवढा उतरवला आहे.

आपल्या मित्रांचा आक्षेप खरा ठरतो तो २०१४ सालच्या पाचव्या आवृत्तीबाबत. परिस्थिती अनुकूल असेल तर २० बाजूंचे दोन फासे टाकून मोठा आकडा धरायचा, असा तिचा गाजलेला नियम आहे. जेथे ११ किंवा अधिक हवे असतात, तेथे यशाची शक्यता त्यामुळे ५० टक्क्यांवरून ७५ टक्क्यांवर जाते आणि नवख्यालाही अनुकूलतेचा अर्थ हातातल्या दुसऱ्या फाशावरून तत्काळ कळतो. मात्र अनुकूलतेची तीन कारणे जुळून आली तरी फासे दोनच राहतात. एकेक लहानसा फायदा जोडत चतुराईने सापळा रचणाऱ्या मुरलेल्या खेळाडूला हे सपाटीकरण जाणवते आणि ते जाणवणे रास्त आहे. मला स्वतःला हा सौदा फायद्याचा वाटतो, कारण पूर्वीच्या छोट्या छोट्या बेरजांत निम्मी लढाई हिशेब करण्यातच जात असे.

तरीही आपला नवा खेळाडू जातो तो नियम अवघड आहेत म्हणून नव्हे. एकही निर्णय घेण्याआधी त्याच्यावर सगळे नियम कोसळतात, म्हणून तो जातो. पात्र तयार करणे जुन्या खेळाडूला मेजवानी वाटते. नवख्याला मात्र, परिणाम ठाऊक नसताना, पन्नास ठिकाणी सह्या केल्यासारखे वाटते. ('ट्रॅव्हलर' या १९७७ सालच्या खेळात तर पात्र तयार होता होताच मरू शकत असे, त्याचीही चव कळायला माणूस आधी त्या खेळात रुळावा लागतो.)

यावरचा उतारा बराच जुना आहे. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या, फ्रँक मेंट्झर यांनी संपादित केलेल्या १९८३ सालच्या प्राथमिक संचात खेळाडूची पुस्तिका नियमांनी सुरू होत नाही. ती वाचकाला योद्धा म्हणून थेट गुहेत पाठवते, सापाशी झुंजायला लावते, आणि जीवनगुण (पात्र किती मार सोसू शकते तो आकडा) म्हणजे काय हे तो त्या झुंजीतच शिकतो. पुढे भेटणारी अलीना ही धर्मसेविका बार्गल नावाच्या जादूगाराकडून मारली जाते, तेव्हा वाचकाला खेळातल्या खलनायकावर मनापासून राग धरण्याचे कारणही मिळालेले असते. २०१४ च्या प्रारंभिक संचात याच विचाराने पाच तयार पात्रे, ३२ पानांची नियमपुस्तिका आणि ६४ पानांची साहसकथा दिलेली होती. कथेची पाने नियमांच्या दुप्पट होती, याकडे लक्ष द्यावे.

तेव्हा आवृत्ती बदलण्याची आपल्याला गरज नाही. नव्या व्यक्तीला तयार पात्र द्यावे, थॅकोची वजाबाकी काही दिवस आपणच करावी, नियम ज्या क्षणी लागू होईल त्याच क्षणी सांगावा आणि पहिल्या पंधरा मिनिटांत तिच्या हातून एखादा महत्त्वाचा फासा पडेल असे पाहावे. स्वतःचे पात्र घडवण्याची हौस तिला दोन-तीन बैठकींनंतर आपसूक होते, आणि तेव्हा तीच किचकट वाटणारी पाने ती आवडीने चाळते.

प्रश्न : हा खेळ खेळताना दाखवणारे 'क्रिटिकल रोल'सारखे कार्यक्रम पाहून या खेळाची ओढ वाटू लागली, पण मला अभिनय जमत नाही. शिवाय कथेत नकोसे प्रसंग आले तर काय करावे?

उत्तर : २०१५ साली सुरू झालेल्या त्या कार्यक्रमातील मंडळी व्यावसायिक आवाज-कलाकार आहेत. त्यांच्यामुळे असंख्य लोकांना हा खेळ प्रथमच दिसला, पण त्यांच्याशी स्वतःची तुलना करण्याचे कारण नाही. 'माझे पात्र पहारेकऱ्याला गोड बोलून दार उघडायला लावते,' असे साध्या आवाजात सांगणे हेही पूर्ण खेळणेच आहे.

दुसऱ्या शंकेसाठी अनेक गट आता खेळ सुरू होण्याआधी एक बैठक केवळ बोलण्यासाठी ठेवतात आणि कोणते विषय अजिबात नकोत, कोणते केवळ सूचित करावेत, हे ठरवतात. काही ठिकाणी टेबलावर 'एक्स-कार्ड' असते. त्याला बोट लावले की चालू प्रसंग कारण न विचारता बदलला जातो. जुने खेळाडू याला कधी कधी नाके मुरडतात. माझ्या मते अनोळखी लोकांसोबत खेळणाऱ्यासाठी ही अतिशय उपयुक्त सोय आहे. ती नसेल तर आपण होऊन मागावी.

प्रश्न : आम्ही चौघी खेळू इच्छितो, परंतु गेम मास्टर व्हायला कोणीच तयार नाही. जाडजूड पुस्तके पाहून धीर खचतो.

उत्तर : आपली अडचण या क्षेत्राच्या दुखऱ्या जागी बोट ठेवणारी आहे. खेळाडूंसाठी जेवढे सोपे केले गेले, त्यातले बरेचसे ओझे गेम मास्टरच्या खांद्यावर सरकले. खेळाडूला नियम माहीत नसले तरी चालते, असे आपण सहज म्हणतो; पण ते कोणाला तरी माहीत असावेच लागतात. मोठ्या प्रकाशकांनी याकडे उशिरा लक्ष दिले. लहान, स्वतंत्र रचनाकारांनी मात्र फार चांगले मार्ग काढले आहेत.

जेसन मॉर्निंगस्टार यांच्या २००९ सालच्या 'फियास्को'त गेम मास्टरच नसतो. फसत जाणाऱ्या बेतांची गोष्ट सगळे मिळून रचतात. जॉन हार्पर यांचा 'लेझर्स अँड फीलिंग्ज' हा २०१३ सालचा खेळ एका पानात मावतो. त्यात प्रत्येकीने २ ते ५ मधला एक आकडा निवडायचा. यंत्र, तर्क किंवा शास्त्र यांचे काम असेल तेव्हा सहा बाजूंच्या फाशावर त्याहून कमी पडावे लागते, आणि माणसांशी, भावनांशी किंवा धडाडीशी संबंधित काम असेल तेव्हा त्याहून जास्त. ४ निवडणारी यंत्रांत तरबेज होते आणि माणसे हाताळताना अडखळते. संपूर्ण पात्र त्या एका आकड्यात उभे राहते. या खेळात गेम मास्टर लागतो, पण त्याला लागणारी तयारी त्याच पानावर आहे : संकट कोणते, ते कोण आणते आणि त्याला काय हवे आहे, हे फासे टाकूनच ठरवता येते.

आपण या एकपानी खेळापासून सुरुवात करावी आणि गेम मास्टरची जागा दर बैठकीला पुढच्या मैत्रिणीकडे द्यावी. चारही जणींची पाळी होऊन गेल्यावर हे काम कोणाला आवडले, हे विचारण्याचीही गरज उरणार नाही. मोठे खेळ तेव्हा हाती घ्यावेत. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'चे मूलभूत नियम २०१४ पासून प्रकाशकाने विनामूल्य उपलब्ध केलेले आहेत, त्यामुळे जाड पुस्तकांचा खर्च त्यानंतरही काही काळ टाळता येईल.