पर्ड्यूचं 2025-26 चं बास्केटबॉल रोटेशन, म्हणजे कोण किती मिनिटं खेळणार: सुरुवातीचे पाच सोडा, सातवा-आठवा कोण ते बघा

तुम्ही विचारलंय की ब्रेडन स्मिथ, फ्लेचर लॉयर आणि ट्रे कॉफमन-रेन हे तिघेही परत येताहेत, मग पर्ड्यू विद्यापीठाच्या संघात नव्यांना खेळायला कितपत मिळेल आणि सुरुवातीचे पाच कोण असतील. सुरुवातीच्या पाचांचं एका दमात सांगते: स्मिथ, लॉयर, सी. जे. कॉक्स, कॉफमन-रेन, ऑस्कर क्लफ. यावर लोक उन्हाळाभर का भांडतात ते मला कळत नाही. सामना 40 मिनिटांचा, मैदानावर पाच जण, म्हणजे वाटायला 200 मिनिटं. त्यातली स्मिथ एकटाच 36 घेणार. 2024-25 मध्ये तो बसलेला क्वचितच दिसायचा. लॉयरला 31 धरा, कॉफमन-रेनला 29, क्लफ आणि कॉक्सला 24-24. उरली 56, आणि सगळी गंमत त्यातच आहे.

ती 56 कशी वाटली जातील हे गुणांच्या सरासरीवरून कळत नाही. मॅट पेंटर 2005 पासून इथे कोच आहे आणि बेंचवरून उठवताना तो एकच बघतो: हा माणूस आत गेल्यावर आपलं नुकसान तर होणार नाही ना? ईथन मॉर्टन 2022-23 मध्ये सुरुवातीच्या पाचात असायचा. पुढच्या वर्षी सदर्न इलिनॉयहून लान्स जोन्स आला. जोन्स तेवढाच चिवट बचाव करायचा आणि वर लांबून मारायचाही. मॉर्टनची मिनिटं गेली. मॉर्टन वाईट झाला नव्हता, त्याचं काम करणारा दुसरा आला होता. म्हणून प्रत्येक नावापुढे त्याचं काम लिहा आणि तेच काम आणखी कोण करतो ते शोधा. अंदाज लावायची माझी पद्धत एवढीच.

आता सुरुवात कोण करतो याला मी किंमत का देत नाही ते सांगते. 2021-22 मध्ये झॅक ईडी सुरुवात करायचा आणि ट्रेव्हियन विल्यम्स बेंचवरून यायचा. दोघांच्या वाट्याला साधारण वीस-वीस मिनिटं. ट्रेव्हियनला त्या वर्षी बिग टेनचा, म्हणजे पर्ड्यू ज्या विद्यापीठांच्या गटात खेळते त्याचा, सर्वोत्तम सहावा (बेंचवरून येणारा) खेळाडू म्हणून निवडलं. तरी माझा दादा तेव्हा फोनवर म्हणायचा, बिचाऱ्याला बसवून ठेवलंय. बसवून ठेवलंय म्हणे!

दादाशी माझं हे भांडण नागपूरपासूनचं आहे. मी कॉलेजच्या संघात दुसरी पॉइंट गार्ड, म्हणजे चेंडू घेऊन खेळ चालवणारी, होते. पहिली गार्ड माझ्याहून एक वर्ष पुढे, गुण करण्यात पटाईत. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेची सेमीफायनल, सिमेंटचं कोर्ट, संध्याकाळचे दिवे नुकतेच लागलेले. ताईला सुरुवातीलाच दोन फाउल लागले आणि सरांनी मला उठवलं. सांगितलं काय, तर "बास्केटकडे बघू नकोस. त्या सात नंबरच्या पोटाकडे बघ. डोळे फसवतात, खांदे फसवतात, पोट फसवत नाही."

सात नंबर म्हणजे त्यांची मुख्य गार्ड. आमच्या ताईला तिने चांगलंच घुमवलं होतं. पण मी सुरुवातीपासून बेंचवर बसून तिलाच बघत होते. उजवीकडे घुसायच्या आधी ती चेंडू डाव्या हाताने दोनदा हळूच टप्पा देऊन थांबवायची, आणि तेवढ्या वेळात तिचा उजवा पाय किंचित बाहेर वळायचा. ताईला हे दिसणं शक्य नव्हतं, कारण ती तिच्यासमोर पळत होती. मला बाजूने स्वच्छ दिसत होतं. दुसरा टप्पा पडला की मी आधीच उजवीकडे सरकून उभी. ती अडली, परत फिरली, पास उशिरा गेला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा चेंडू बाहेर गेला आणि सर बेंचवरून उठून उभे राहिले. हाफटाइमपर्यंत आमची आघाडी जशीच्या तशी होती. दुसऱ्या हाफमध्ये ताई ताज्या दमाने परतली आणि आम्ही जिंकलो.

घरी आल्यावर दादाने स्कोअरशीट बघितलं. माझ्या नावापुढे शून्य. म्हणाला, "एवढा वेळ काय करून राहिली होती मग तू?" आईसमोर, मामासमोर. मी त्याला सात नंबरच्या पायाबद्दल सांगायला लागले, तर तो म्हणे, जे लिहिलेलं नाही ते झालेलं नाही. आजही तो सामना बघत नाही, सकाळी उठून आकडे बघतो आणि मला फोन करून कोण चांगला खेळला ते सांगतो.

दादाच्या हिशोबाने कॉक्स पाचात बसणारच नाही. 2024-25 मध्ये तो मॅसॅच्युसेट्सहून आला तेव्हा त्याचा फारसा गाजावाजा नव्हता. तरी पहिल्याच वर्षी सुरुवातीच्या पाचात पोचला, कारण समोरच्याचा चांगला गार्ड त्याच्या गळ्यात घालता येत होता. जिकॅरी हॅरिसचंही तेच. तो धिप्पाड आहे, आंधळेपणाने चेंडू फेकत नाही. हॅरिसला मी 18 मिनिटं देते. इस्रायलचा ओमर मायर मकाबी तेल अवीव क्लबमध्ये वाढलेला, मोठ्या माणसांत खेळलेला. गुण तो करेलच, पण बिग टेनच्या गार्डांसमोर पाय चालले तरच 16 मिनिटं.

आतली, म्हणजे कड्याजवळची, बाजू सोपी आहे. 2024-25 च्या मोसमाच्या दुसऱ्याच सामन्यात सात फूट चार इंचांच्या डॅनियल जेकबसनचा पाय मोडला, आणि सहा फूट नऊ इंचांच्या कॉफमन-रेनला वर्षभर आत झुंजावं लागलं. त्याने सामन्यामागे वीस गुण केले, पण कडं सांभाळायला मागे कुणी नव्हतं. म्हणून साउथ डकोटा स्टेटमधून क्लफ आणला. तिथे तो सामन्यामागे बारावर रिबाउंड (हुकलेल्या फटक्यांचे चेंडू) घेत होता. जेकबसन त्याच्यामागे, 14 मिनिटं. तो वर्षभर बसून परत येतोय, त्याला एकदम तीस मिनिटं द्या म्हणणाऱ्यांनी मोडलेल्या पायावरून परत येऊन बघावं. उरलेल्या आठ मिनिटांत लियम मर्फी आणि जॅक बेंटर, ज्या दिवशी ज्याचे तीनचे फटके बसतील त्याला जास्त.

माइल्स कोल्व्हिन वेक फॉरेस्टला आणि कॅमडन हाइडी टेक्सासला गेला, त्याबद्दल गळा काढणारे पुष्कळ आहेत. दोघांत दम आहे. पण बचावाच्या वेळी दोघांचंही लक्ष उडायचं, आणि मार्चमधल्या राष्ट्रीय स्पर्धेत ते चालत नाही. 2025 मध्ये ह्यूस्टनविरुद्ध इंडियानापोलिसमध्ये 62-60 ने हरलो तो शेवटचा फटका आठवा. 0.9 सेकंद बाकी असताना त्यांचा मिलोस उझान कड्याखाली मोकळा. ती एका क्षणाची नजरचूक होती, आणि दादाच्या स्कोअरशीटवर ती कुणाच्याच नावावर नाही.

एक राहिलं. हे सगळे आकडे सगळ्यांचे गुडघे-घोटे धड राहिले तरचे आहेत. स्मिथला तीन सामने बाहेर बसावं लागलं तर ही वाटणी फाडून टाका. डिसेंबरात दुबळ्या संघांविरुद्ध बेंच भरपूर खेळतो, त्यावरून फेब्रुवारीचा अंदाज बांधू नका. आणि नव्या पहिल्या वर्षाच्या मुलांपैकी कुणाला वर्षभर न खेळवता राखून ठेवायचं हे पेंटर शेवटपर्यंत बोलत नाही. कॉफमन-रेनला 2021-22 मध्ये असंच राखून ठेवलं होतं.

ऑगस्टमध्ये वेस्ट लाफायेटला, पर्ड्यूच्या गावी, आलात की पेंट क्रूची तिकिटं आधी बघा, विद्यार्थ्यांची बसायची जागा तीच. ऑक्टोबर 2025 मध्ये केंटकीशी सराव सामना आहे, तो टीव्हीवर बघा. स्मिथ पहिल्यांदा बसेल तेव्हा समोरच्या गार्डवर कोण जातो, हॅरिस की मायर, तेवढं लिहून ठेवा. माझा कौल हॅरिसला.