सात गुण जास्त, तरी एसजीपीए कमी कसा?

प्रश्न : मी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे. पहिल्या सत्रात चार श्रेयांकांच्या तीन विषयांत मला ७९, ६९ आणि ५९ गुण मिळाले. माझ्या मैत्रिणीला ७०, ७० आणि ६०. दोन श्रेयांकांच्या पाच विषयांत दोघींच्या श्रेणी सारख्याच आहेत : दोन ए प्लस, दोन ए आणि एक बी प्लस. तीन मोठ्या विषयांत माझी बेरीज सात गुणांनी जास्त असूनही माझा एसजीपीए, म्हणजे सत्राच्या श्रेणीगुणांची सरासरी, ८.०९ आणि तिचा ८.४५ आहे. निकालात चूक झाली असेल का? गुणपत्रिकेच्या मागचा श्रेणींचा तक्ता सोबत पाठवत आहे. (विद्यार्थिनी, सातारा)

उत्तर : चूक नाही. तुम्ही तक्ता पाठवलात हे फार बरे केलेत, कारण सगळे उत्तर त्यातच आहे. तुमच्या तक्त्यानुसार ८० आणि त्यापुढील गुणांना १० श्रेणीगुण, ७० ते ७९ ला ९, ६० ते ६९ ला ८ आणि ५५ ते ५९ ला ७ श्रेणीगुण मिळतात. एसजीपीए काढताना तुमचे मूळ गुण बाजूला राहतात आणि प्रत्येक विषयाचे श्रेणीगुण त्या विषयाच्या श्रेयांकांनी, म्हणजे तुम्ही ज्यांना क्रेडिट म्हणता त्यांनी, गुणले जातात. या गुणाकारांची बेरीज करून तिला सत्राच्या एकूण श्रेयांकांनी भागायचे असते.

आता तुमचाच हिशेब मांडू. ७९, ६९ आणि ५९ यांचे श्रेणीगुण ९, ८ आणि ७, म्हणजे २४. त्यांना ४ ने गुणले की ९६ येतात. मैत्रिणीच्या ७०, ७० आणि ६० यांचे श्रेणीगुण ९, ९ आणि ८, म्हणजे २६. त्यांना ४ ने गुणले की १०४. दोन श्रेयांकांच्या पाच विषयांत ए प्लसचे ९, ए चे ८ आणि बी प्लसचे ७ धरून दोघींचेही श्रेणीगुण ४१ होतात, म्हणजे गुणाकार ८२. तुमची एकूण बेरीज १७८, तिची १८६, आणि सत्राचे श्रेयांक २२. भागाकार करून पाहा. गुणपत्रिकेवर छापलेले आकडेच येतील. तुमचे ७९ आणि तिचे ७० एकाच पायरीवर बसले, त्यामुळे तिथले तुमचे नऊ गुण हिशेबात आलेच नाहीत. उलट ६९ आणि ५९ या दोन्ही ठिकाणी एकेका गुणाने तुमची पायरी हुकली.

श्रेणीपद्धतीमागचा विचार असा, की एकाच उत्तरपत्रिकेला दोन परीक्षक ६६ आणि ६८ असे वेगवेगळे गुण देऊ शकतात, म्हणून एवढ्याशा फरकावरून विद्यार्थ्यांत डावे-उजवे करू नये. तो विचार मला पटतो. परंतु रेषा कुठेतरी ओढावीच लागते आणि रेषेच्या अगदी अलीकडे राहिलेल्या विद्यार्थ्याला तिची पूर्ण किंमत मोजावी लागते, हे विद्यार्थ्यांना पहिल्या सत्राच्या आरंभीच कोणी सांगत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

हा एकेक गुण बहुधा अंतर्गत मूल्यमापनात सांडलेला असतो. लेखी परीक्षा आणि अंतर्गत गुण यांचे प्रमाण कुठे ६०-४० असते, कुठे ७०-३०. म्हणजे विषयाचा जवळजवळ तिसरा हिस्सा, काही ठिकाणी त्याहूनही जास्त, लेखी परीक्षेच्या आधीच ठरून गेलेला असतो. मी शिकवत असताना आमच्या विभागात अंतर्गत गुणांची यादी फलकावर लावून तिच्यावर विद्यार्थ्यांच्या सह्या घेण्याची पद्धत होती. एकदा एका मुलीच्या नावापुढे १८ च्या जागी ८ पडले होते आणि त्याच ओळीत तिची सही होती. चाचणीची तपासलेली उत्तरपत्रिका तिने जपून ठेवली होती, म्हणून यादी विद्यापीठाकडे जाण्यापूर्वी आकडा दुरुस्त करता आला. यादी एकदा पुढे गेली की हीच दुरुस्ती प्राचार्यांचे पत्र, विभागप्रमुखांचा खुलासा आणि परीक्षा विभागातल्या फेऱ्या यांत अडकते. तेव्हा सही करण्यापूर्वी आपल्या नावाची ओळ बोट ठेवून वाचा आणि तपासलेल्या चाचण्या निकाल लागेपर्यंत टाकून देऊ नका.

प्रश्न : मुलाला दोन विषयांत केटी लागली, तरी त्याला दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळाला. याचा अर्थ तो उत्तीर्ण झाला असा घ्यायचा का? (पालक, नांदेड)

उत्तर : नाही. तुम्ही जिला केटी म्हणता ती एटीकेटी म्हणजे ‘अलाउड टू कीप टर्म्स’, अर्थात राहिलेले विषय डोक्यावर ठेवूनही पुढच्या सत्रांना बसण्याची परवानगी. ते दोन विषय सुटेपर्यंत त्यांचे श्रेयांक त्याच्या खात्यात जमा होणार नाहीत, आणि तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० श्रेयांक लागतात. किती विषय राहिले तर पुढे जाता येते, हा नियम विद्यापीठागणिक आणि अभ्यासक्रमागणिक बदलतो. मात्र पहिल्या वर्षाचे विषय पूर्ण सुटल्याशिवाय तिसऱ्या वर्षात प्रवेश नाही, अशी अट अनेक ठिकाणी असते आणि मुले तिथेच फसतात, कारण दुसऱ्या वर्षाच्या अभ्यासात जुने विषय मागे पडतात. मुलाच्या महाविद्यालयातून ही अट लेखी स्वरूपात मागून घ्या.

आणखी एक गोष्ट त्याला विचारा : तो लेखी परीक्षेत नापास आहे की अंतर्गत गुणांत? बऱ्याच विद्यापीठांत दोन्हींत स्वतंत्रपणे उत्तीर्ण व्हावे लागते. अंतर्गत गुण कमी पडलेला मुलगा लेखी परीक्षेचीच तयारी करत बसला, तर ती मेहनत वाया जाते.

प्रश्न : गुणपडताळणी, छायाप्रत आणि पुनर्मूल्यांकन यांपैकी नेमका कशासाठी अर्ज करावा? (विद्यार्थी, बी.कॉम., ठाणे)

उत्तर : गुणपडताळणीत सगळी उत्तरे तपासली गेली आहेत का आणि बेरीज बरोबर आहे का, एवढेच पाहिले जाते, उत्तर पुन्हा कोणी वाचत नाही. पुनर्मूल्यांकनात दुसरा परीक्षक उत्तरपत्रिका नव्याने तपासतो. माझा सल्ला असा, की आधी छायाप्रत मागवा, ती विषयाच्या शिक्षकांसमोर ठेवा आणि मगच पुढचे शुल्क भरा. तपासलेली उत्तरपत्रिका पाहणे हा विद्यार्थ्याचा हक्क आहे. माहितीच्या अधिकाराखाली ती मिळाली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केले आहे. तेव्हा ती मागताना संकोच बाळगण्याचे काहीच कारण नाही.

अर्जाची मुदत बहुतेक ठिकाणी निकाल जाहीर झाल्या दिवसापासून मोजतात. छापील गुणपत्रिका हातात येण्याची वाट पाहिलीत, तर मुदत टळून जाईल. अंतर्गत आणि प्रात्यक्षिक परीक्षेच्या गुणांना सहसा पुनर्मूल्यांकन नसते. निकाल रखडला असेल, तर हेही लक्षात असू द्या, की महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ प्रमाणे परीक्षा संपल्यापासून ३० दिवसांत आणि कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांत निकाल लावणे विद्यापीठावर बंधनकारक आहे. विचारणा करताना आपल्या अर्जात या तरतुदीचा उल्लेख जरूर करावा.

प्रश्न : नोकरीच्या अर्जात टक्केवारी मागतात. सीजीपीएला, म्हणजे सर्व सत्रांच्या मिळून सरासरीला, ९.५ ने गुणले तर चालेल का? (पदवीधर, मडगाव)

उत्तर : ९.५ चा गुणक केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने दहावीच्या सीजीपीएसाठी सांगितला होता. विद्यापीठाच्या पदवीशी त्याचा संबंध नाही. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या सूत्रात सीजीपीएमधून ०.७५ वजा करून १० ने गुणतात. एकाच ८.०९ चे पहिल्या रीतीने ७६.८६ टक्के होतात आणि दुसऱ्या रीतीने ७३.४०, आणि भरतीत साडेतीन टक्क्यांचा फरक लहान नसतो. आपल्या विद्यापीठाचे सूत्र गुणपत्रिकेवर छापलेले असेल तर तेच वापरा. नसेल तर परीक्षा विभागाकडून रूपांतरणाचे प्रमाणपत्र घ्या आणि त्याची प्रत अर्जाला जोडा. कागदपत्रांच्या पडताळणीत अर्जातला आकडा आणि प्रमाणपत्रावरचा आकडा दशांशापर्यंत जुळायला हवा.